पाऊस आणि पूर या दोन गोष्टी आहेत

'ॲन इनकन्व्हिनियंट ट्रुथ' हा अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांचा तापमानवाढीवरचा माहितीपट २००६ साली आला, तेव्हा माझा तो पाहायचा राहून गेला होता. परवा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका लहानशा सभागृहात आम्ही पंचवीस-तीस मराठी मंडळींनी मिळून तो पाहिला. इतक्या उशिरा पाहण्याचा एक फायदा असा, की त्यातली भाकिते आता नुसती ऐकून सोडायची राहिलेली नाहीत, ती पडताळून पाहता येतात. चर्चेत मात्र ती पडताळणी कुणीच केली नाही. बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने उठून विचारले, "मग आपल्याकडे चोवीस साली पूर आला, तो ह्याच्यामुळेच आला का?" प्रश्न सरळ होता. पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, "अगं, आत्ताच तर पाहिलंस ना! ह्याच्यामुळेच." मागून दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "काही नाही गं, सगळं थोतांड आहे. नदी बुजवली म्हणून पूर आला, त्यात आभाळाचा काय दोष?" पुढचा दीड तास सभागृह या दोन उत्तरांमध्ये वाटले गेले, आवाज चढत गेले, आणि ती मुलगी उत्तर न मिळताच घरी गेली.

मला ती दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात, आणि दोन्ही एकाच कारणाने चुकीची वाटतात. एका संकटाला एकच कारण असते, आणि ते एकदा सापडले की बाकीची कारणे आपोआप निकालात निघतात, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले आहे. माणसाने जाळलेल्या कोळशामुळे आणि तेलामुळे पृथ्वी तापते आहे, हा माहितीपटाचा मूळ दावा पक्का आहे. तो पटवून देण्याची त्याची रीत मात्र अनेक ठिकाणी सैल आहे, आणि आपल्यासारख्या देशांच्या बाबतीत तर ती घोटाळा करते. दावा आणि रीत यांचे माप वेगवेगळे घेतले पाहिजे. तापमानवाढ खरी मानणाऱ्यांनी, आणि मी त्यांच्यातलीच आहे, या सैलपणावर विरोधकांच्या आधी बोट ठेवायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

जे पक्के आहे ते आधी सांगते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वीचे तापमान किती वाढेल, याचा हिशेब स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली मांडला होता, म्हणजे हे शास्त्र कुणा राजकारण्याने निवडणूक हरल्यावर शोधून काढलेले नाही. हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली या वायूची नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ होते. यंत्रयुगापूर्वी ते २८० च्या आसपास होते, माहितीपट आला तेव्हा ३८० झाले होते आणि आज ते ४२० च्या वर आहे. अल गोर एका यांत्रिक शिडीवर उभे राहून आलेखाची रेषा वर-वर जाताना दाखवतात, ते दृश्य नाटकी आहे खरे, पण गेल्या वीस वर्षांत ती रेषा त्यांनी दाखवली त्याच दिशेने चढत गेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान २०११ ते २०२० या दशकात सुमारे १.१ अंशाने जास्त होते, आणि २०२४ हे एकच वर्ष घेतले तर ही वाढ दीड अंशाच्याही पुढे गेली. ज्यांना हे थोतांड वाटते त्यांनी या मोजण्यांना उत्तर द्यावे लागेल. गोरांच्या विमानप्रवासांचा हिशेब काढणे हे त्या मोजण्यांना उत्तर होत नाही.

आता सैल काय आहे ते पाहू. दहा वर्षांच्या आत आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावर बर्फ उरणार नाही, असे गोर त्यात सांगतात. ते बर्फ आटत चालले आहे, पण वीस वर्षांनंतरही शिखरावर आहे. समुद्र वीस फुटांनी चढला तर कोणकोणती शहरे बुडतील याचे नकाशे ते एकामागून एक दाखवतात, पण ही चढ किती काळात होईल ते सांगत नाहीत, आणि पाहणाऱ्याला वाटते की हे आपल्या नातवंडांच्या हयातीत होणार. प्रत्यक्षात १९०१ पासून २०१८ पर्यंत समुद्र सुमारे २० सेंटिमीटर चढला, आणि शतकाच्या अखेरपर्यंत वाईट परिस्थितीतही ही चढ एक मीटरच्या आसपास जाईल असा संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीचा (आयपीसीसी) अंदाज आहे. एक मीटर ही खंबातच्या आखाताकाठच्या गावांना पुरेशी भयंकर गोष्ट आहे, तिच्यावर आणखी वीस फूट चढवण्याची गरज नव्हती. इंग्लंडमधल्या शाळांत हा माहितीपट दाखवण्याविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात दावा झाला, तेव्हा ऑक्टोबर २००७ मध्ये न्यायमूर्ती बर्टन यांनी त्यात अशा नऊ जागा दाखवून दिल्या. विरोधक या नऊ जागा आजही मोजून दाखवतात. मात्र त्याच निकालपत्रात, माहितीपटाची मुख्य शास्त्रीय मांडणी स्थूलमानाने अचूक आहे, असेही न्यायमूर्तींनी म्हटले होते, हे ते सांगत नाहीत. आणि समर्थकांपैकी किती जणांना त्या नऊ जागा माहीत आहेत? आमच्या सभागृहात तरी कुणी त्यांचा उल्लेख केला नाही.

पण मला सगळ्यात जास्त टोचले ते दृश्य त्या नऊ जागांमध्ये नाही. ते मुंबईचे आहे. २६ जुलै २००५ चा पाऊस पडद्यावर काही सेकंद येतो, चोवीस तासांत सदतीस इंच हा आकडा सांगितला जातो, कमरेएवढ्या पाण्यातून चालणारी माणसे दिसतात आणि आपण पुढच्या देशाकडे जातो. आकडा खरा आहे, सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पण त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा झाला नव्हता. आणि मिठी नदी? तिचे नावही कुणी घेत नाही. जिच्या काठी भराव पडले, जिचे पात्र आवळत गेले, ती नदी पाणी वाहून न्यायला पुरी पडली नाही, याची चौकशी माधवराव चितळे यांच्या समितीने केली, आणि तो अहवाल माहितीपट आला त्याच २००६ साली आला. एका बाजूला हा अहवाल, दुसऱ्या बाजूला ती काही सेकंदांची चित्रफीत. जगाने पाहिली ती चित्रफीत. तिच्यातून पूर म्हणजे आभाळातून कोसळलेली आणि दूर देशाच्या धुरांड्यांनी पाठवलेली आपत्ती एवढाच अर्थ निघतो, आणि ज्यांनी नदीत भराव घातले त्यांची त्यातून आपोआप सुटका होते.

बडोद्यात राहणाऱ्या माणसाला हे पडद्यावर पाहून गप्प बसवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये, जन्माष्टमीच्या सुमारास, काळा घोड्याजवळच्या पुलावर विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण २६ फुटांवर आहे. आमच्या तळमजल्यावर पाणी छातीपर्यंत चढले. ते ओसरल्यावर सासूबाईंच्या शिसवी कपाटाची दारे फुगून अशी बसली होती की सुतार येईपर्यंत उघडली नाहीत, आणि आत त्यांच्या पोथ्यांची पाने एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती. चिखल उपसण्याच्या त्या दिवसांत आमच्याकडे पूर्वी दूध घालणारे एक म्हातारे भरवाड आजोबा चौकशीला आले. सोसायटीच्या मागच्या गॅरेजांकडे काठी दाखवून ते म्हणाले, "अहीं कोतर हतुं, बेन. भेंसो बेसती." म्हणजे पावसाचे पाणी जिथून नदीला मिळते ती घळ, जिला आम्ही बडोदेकर मराठीतही कोतरच म्हणतो, ती आमच्या भिंतीला लागून होती आणि तिच्यात त्यांच्या म्हशी डुंबत असत. त्यांनी काठीने हवेत जशी वळणे काढली, तशीच वळणे घेत पाणी आमच्या अंगणात शिरले होते. ते कोतर बुजवून काढलेल्या जमिनीवरच्या घराचे हप्ते आम्ही वीस वर्षे भरले, हे मी लपवत नाही.

पावागढच्या डोंगरात उगम पावून ढाढरला मिळणारी आणि खंबातच्या आखाताकडे जाणारी ही नदी फारशा उताराची नाही. ती वळणे घेत, कोतरांत पाणी साठवत, सावकाश पुढे जाते, आणि म्हणूनच शहराच्या मध्यावर आजही तिच्यात मगरी राहतात. कोतरे बुजली आणि तलावांचे काठ आत सरकले, की त्यांच्या वाटणीचे पाणी राहायला दुसरी जागा शोधते. मागच्या रांगेतल्या गृहस्थांचे हे म्हणणे मी जसेच्या तसे मान्य करते. त्यांच्याकडे पुराव्याची कमी नाही.

त्यांची चूक पुढच्या पायरीवर होते. नदी बुजवली हे खरे, म्हणून आभाळ बदलले हे खोटे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, दर अंशाला सुमारे सात टक्के जास्त, आणि हा पदार्थविज्ञानाचा जुना नियम आहे. मध्य भारतातला अतिमुसळधार पाऊस वाढतो आहे आणि मध्यम पाऊस घटतो आहे, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या काळातल्या पावसाच्या नोंदींवरून २००६ सालीच दाखवून दिले होते. त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ साली दाखवले की १९५० पासून २०१५ पर्यंत मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिप्पट झाल्या, आणि त्याला अरबी समुद्राकडून येणारे वाढीव बाष्प कारण आहे. बडोद्यावर ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला, तो आमच्या पिढीच्या आठवणीत न बसणारा होता. त्या विशिष्ट दिवसाच्या पावसातला किती वाटा तापमानवाढीचा, हे मी सांगू शकत नाही. पण चरोतरच्या तंबाखूने ज्याचे फुप्फुस गेले, त्या माणसाला ते कोणत्या विडीने गेले हे कोणता डॉक्टर सांगू शकतो? सिगारेट कंपन्यांनी नेमक्या याच फटीत उभे राहून, अमुक रोग्याचा कर्करोग तंबाखूनेच झाला हे सिद्ध करा, असे म्हणत कित्येक दशके काढली. एका घटनेबद्दलची अनिश्चितता आणि शेकडो घटनांमधून दिसणारा कल यांत फरक आहे, आणि तो पुसून टाकण्यात कुणाचा तरी फायदा असतो.

या वादाला आपल्याच शहराशी जोडलेला एक जुना दाखला आहे, आणि त्या संध्याकाळी कुणी त्याची आठवण काढली असती तर बरे झाले असते. १८९९ चा मान्सून फसला आणि गुजरातेत छप्पनियो दुष्काळ पडला. १८९१ च्या खानेसुमारीत बडोदा संस्थानाची लोकसंख्या २४ लाखांवर होती, ती दुष्काळ, ताप आणि प्लेग यांनी खचून १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. पाऊस पडला नाही, ही निसर्गाची करणी आहे, तिला सरकार काय करणार, असे इंग्रज सरकारचे म्हणणे होते. अर्थ-इतिहासकार रमेशचंद्र दत्तांनी १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला खुली पत्रे लिहून विचारले की पाऊस फसला हे खरे, पण एक पाऊस फसल्यावर शेतकऱ्याच्या घरात काहीच शिल्लक का राहत नाही? जबर शेतसारा हे त्यांचे उत्तर होते. कर्झनच्या सरकारने १९०२ च्या ठरावात ते फेटाळले आणि पुन्हा अवर्षणाकडेच बोट दाखवले. त्याआधी दादाभाई नौरोजी, जे १८७४ च्या सुमारास इथले दिवाण होते, हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे वाहून जाते या अंगाने हाच प्रश्न विचारत आले होते. दत्तांनाही पुढे सयाजीरावांनी बडोद्यात बोलावून घेतले, आणि १९०९ साली ते दिवाणपदावर असतानाच इथे वारले. त्यांच्या मांडणीतला प्रत्येक तपशील टिकेल असे मी म्हणत नाही. पण दत्तांनी अवर्षण नाकारले नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सारा जबर आहे हे सिद्ध करण्यासाठी पाऊस पडला होता असे म्हणण्याची त्यांना गरज पडली नाही. आज मात्र नदी बुजवणाऱ्यांवर रागावलेला माणूस तापमानवाढ नाकारतो, आणि तापमानवाढीने घाबरलेला माणूस बुजलेली नदी विसरतो. पहिल्याचा लाभ तेल-कोळसा विकणाऱ्यांना होतो, दुसऱ्याचा जमिनी विकणाऱ्यांना.

माहितीपटाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा, की थोडे वाढवून सांगितल्याशिवाय लोक जागे होत नाहीत, आणि वीस सेंटिमीटरच्या आकड्याने कुणाची झोप उडत नाही. यात तथ्य आहे. शास्त्रज्ञांचे जाडजूड अहवाल त्याआधीही येत होते, पण सामान्य माणसापर्यंत विषय नेला तो या माहितीपटाने, आणि २००७ चे शांततेचे नोबेल गोर आणि आंतरसरकारी समिती यांना मिळून दिले गेले, ते या कामासाठीच. तरीही वाढवून सांगितल्याची किंमत फार मोठी पडते, आणि ती सांगणाऱ्याला नव्हे तर खऱ्या गोष्टीला मोजावी लागते. त्याच समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असे एक वाक्य शिरले. हिमनद्यांचे अभ्यासक विजयकुमार रैना यांनी आपल्या पर्यावरण मंत्रालयासाठी २००९ साली लिहिलेल्या टिपणातून हिमनद्यांचे वेगळे चित्र पुढे आले, तर समितीच्या अध्यक्षांनी त्याची संभावना जादूटोण्याचे शास्त्र अशी केली. जानेवारी २०१० मध्ये समितीला २०३५ चे ते विधान मागे घ्यावे लागले. हजारो पानांच्या अहवालातले एक वाक्य होते ते. पण आज हिमनद्या खरोखरच वितळत आहेत असे कुणी म्हटले की तेच एक वाक्य तोंडावर फेकले जाते, आणि परवा आमच्या सभागृहातही ते फेकले गेलेच. शास्त्राने आपली चूक जाहीरपणे दुरुस्त केली, हे त्याच्या विश्वासार्हतेचे लक्षण मानले जायला हवे होते. तसे झाले नाही, कारण चूक दाखवणाऱ्याचा आधी उपहास झाला होता.

दुसरा वजनदार मुद्दा विरोधी बाजूचा. बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीच्या परिसरात उभे आयुष्य नोकरी केलेले एक निवृत्त काका फार संयमाने बोलले. त्यांचे म्हणणे असे, की १९६५ साली ती रिफायनरी सुरू झाली, तिच्यामागून खत आणि रसायनांचे कारखाने आले, त्यांवर हजारो मराठी-गुजराती घरे उभी राहिली, मुले शिकली, आणि आता अमेरिकेचा एक माजी उपाध्यक्ष पडद्यावर येऊन आम्हांला सांगतो की ते पाप होते. त्यांच्या आवाजातली दुखावलेली कड मला ऐकू आली, आणि तिला उत्तर द्यायलाच हवे. हिशेब त्यांच्या बाजूने आहे. माणशी कार्बन डायऑक्साइड आपण वर्षाला सुमारे दोन टन सोडतो, अमेरिकन माणूस चौदा टनांच्या आसपास सोडतो. आजवर हवेत साठलेल्या मालापैकी जवळजवळ पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, आपला तीन-चार टक्के. माहितीपट सगळ्या मानवजातीला उद्देशून "आपण" म्हणतो, आणि त्या एका सर्वनामात हा सगळा हिशेब बुडून जातो. हा त्याचा दोष मला किलिमांजारोहून मोठा वाटतो.

पण मग काकांनीच सांगावे, ऋणको कोण हे ठरवायचे असेल तर कर्ज खरे आहे असे आधी मानावे लागेल की नाही? २०२२ साली इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत तापमानवाढीने होणारी हानी भरून देण्यासाठी निधी उभारायचे ठरले, ते गरीब देशांनी कित्येक वर्षे लावून धरल्यामुळे. तापमानवाढ थोतांड आहे असे ते देश म्हणत राहिले असते, तर कुठल्या तोंडाने भरपाई मागितली असती? रिफायनरीत केलेली नोकरी पाप नव्हती. ज्या ज्ञानाच्या आधारे तिने घरे उभी केली त्याच ज्ञानाने आज तिच्या धुराचा परिणाम मोजला आहे, आणि एक स्वीकारून दुसरे नाकारणे आपल्याला शोभणार नाही.

उपायांबद्दल मला थोडक्यात एवढेच म्हणायचे आहे, की प्रलयाची चित्रे दाखवून शेवटी घरातले दिवे बदला, झाडे लावा असे सांगणे हे रोग आणि औषध यांचे प्रमाण चुकवणारे आहे. जवळचे उदाहरण अहमदाबादचे घ्या. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा हजारांहून जास्त माणसे दगावली. २०१३ साली शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, म्हणजे आगाऊ इशारे, दवाखान्यांची तयारी, पिण्याच्या पाण्याची सोय, आणि त्यासाठी ती लाट कुणाच्या धुराने आली हे आधी ठरवावे लागले नाही. पुराबाबत आपल्याला हेच करायचे आहे. सयाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पाण्यासाठी आजव्याचे सरोवर बांधवले, ते त्या वेळच्या वस्तीपेक्षा कितीतरी मोठ्या वस्तीचा विचार करून. आज पावसाळ्यात आपण आजव्याची पातळी २१२ फुटांच्या वर गेली का, म्हणजे त्यातले पाणी नदीत सुटणार का, एवढेच फोनवर एकमेकांना विचारतो. पण आपली गटारे, पूल आणि सोडायच्या पाण्याचे हिशेब कोणत्या काळातल्या पावसावर बेतलेले आहेत, आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या पावसाला ते पुरतील का, हे कुणी विचारत नाही. पाऊस बदलला आहे हे ज्याला मान्य नाही तो हा प्रश्न विचारणारच नाही, आणि सगळा दोष पावसाचाच आहे असे ज्याला वाटते त्यालाही तो सुचणार नाही.

त्या मुलीला कुणीतरी असे सांगायला हवे होते: बाळ, तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. आभाळातून एवढे पाणी एकदम का पडले, यात तापत्या समुद्राचा वाटा आहे, तो वाढतो आहे, आणि त्याचा मोठा हिशेब दूरच्या श्रीमंत देशांकडून मागायचा आहे. ते पाणी तुझ्या घरात का शिरले, याचा हिशेब मात्र याच शहरात मागायचा आहे, आणि त्यासाठी कोतरे कुठे होती ते दाखवणारे जुने नकाशे पाहावे लागतील. ती बारावीत आहे, तिला भूगोल येतो. भरवाड आजोबा अजून हयात आहेत, आणि पावसाळ्याआधी तिला त्यांच्याकडे घेऊन जायचे मी ठरवले आहे.